गादीवाल्या अण्णांची भाड्याची धून

"लग्नाला की दिवसांना?"

दारात माणूस आला की अण्णा नमस्काराच्या आधी हे विचारायचे. पनवेलला लाईन आळीच्या मागच्या बाजूला त्यांचं गोदाम होतं. मंडपाचे बांबू, कनाती, गाद्या, लोड, पातेली, झारे, सगळं भाड्याने मिळायचं. लग्नकार्याची पातेली वेगळी आणि बाराव्या-तेराव्याची वेगळी. दिवसांच्या पातेल्यांना बुडाशी काळ्या रंगाचा ठिपका असायचा आणि ती मागच्या फळीवर पालथी ठेवलेली असायची. कितीही गर्दी असो, गोदामात एकही भांडं शिल्लक नसो, ठिपक्याचं पातेलं लग्नाच्या घरी गेलं असं कधी झालं नाही. म्हणून गिऱ्हाईक आलं की आधी तो प्रश्न.

गंमत अशी की मुंबईहून जाहिरातवाले साहेब यायचे, त्यांनाही तेच. एकदा एक गॉगलवाला तरुण आला. अण्णांनी पोत्यात झारे मोजता मोजता विचारलं, "लग्नाला की दिवसांना?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "नाही हो, टूथपेस्टला."

हा टूथपेस्टवाला मंडपवाल्याकडे कशाला आला, ते सांगते. अण्णा संगीतही भाड्याने द्यायचे.

खरंच सांगते, थट्टा नाही. तेव्हा जाहिराती भराभर निघायला लागल्या होत्या, दूरदर्शनवर मालिका सुरू झाल्या होत्या. प्रत्येकाला काही नवीन संगीत करून घेणं जमायचं नाही. मग तयार तुकडे लागायचे. कोणी दार उघडलं की वाजवायला एक, कोणी पळालं की एक, साबणाचा फेस आला की एक. असे तुकडे आधीच वाजवून, टेपवर भरून ठेवायचे आणि मागेल त्याला त्या एका कामापुरते वापरायला द्यायचे. कोणीतरी हे अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे पातेल्यासारखंच की. आज याच्याकडे खीर, उद्या त्याच्याकडे आमटी. पातेलं आपलंच."

त्यांचा स्टुडिओ म्हणजे तेच गोदाम. भिंतींना लग्नाच्या गाद्या उभ्या लावायच्या, वर कनाती ताणायच्या, दाराला दोन लोड टेकवायचे. बाहेरून टेम्पो गेला तरी आत ऐकू यायचा नाही. पण ह्याच्यात मेख अशी, की लग्नसराई आली की गाद्या बाहेर. भिंती उघड्या. मग रेकॉर्डिंग बंद! वाजवणारेही बँडवालेच होते, सराईत ते तरी कुठे मोकळे असायचे? त्यामुळे अण्णांचं संगीत पिकायचं ते चातुर्मासात. देव झोपले की आमच्या गल्लीत क्लॅरिनेट जागी व्हायची. आणि त्या गाद्यांना हळदीचे डाग, अत्तराचा वास. बाजा वाजवणारा एकजण म्हणायचा, "इथं बसलं की भूकच लागते. कुठूनतरी जिलबीचा वास येतो."

माझी ओळख झाली ती भांडणातून. आमचं बिऱ्हाड गोदामाला लागून. आमचे हे मुंबईला नोकरीला, मी दुपारची जरा आडवी व्हायची. तर एक दिवस दाराचा लोड पडला होता आणि आतून एकच ठेका, तोच तोच, पुन्हा पुन्हा. मी पदर खोचून गेले. म्हटलं, "अण्णा, काय हो हे? सासू न सांगता गावाहून आली आणि घरात दूध नाही, असं धडधडतंय मला!"

अण्णा रागावले नाहीत. त्यांचे डोळे असे लकाकले! म्हणाले, "वहिनी, परत बोला." मी परत बोलले. त्यांनी टेपच्या डबीवरची चिठ्ठी फाडली आणि नवी चिकटवली. त्यावर लिहिलं, 'सासू आली, दूध नाही.'

तेव्हापासून डब्यांना नावं ठेवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत मी फार शिकले नाही, राग-बिग तर मला एकही ओळखता येत नाही. पण तुकडा ऐकला की काहीतरी डोळ्यांपुढे उभं राहायचं. 'पोरगा पास झाला', 'शेजारणीने नवी साडी नेसली', 'दिवे गेले, चिमणी सापडत नाही'. मुंबईचे साहेब आधी हसले. मग तेच फोन करायला लागले, "अण्णा, ते दिवे गेलेलं पाठवा, आणि शेजारणीची साडी जरा लांबवलेली आहे का बघा." आमच्या ह्यांना वाटायचं, मी दुपारी पत्ते खेळायला जाते.

अण्णा हौशीही तेवढेच. एकदा कोणाला तरी पक्ष्यांचा आवाज हवा होता. अण्णा टेपरेकॉर्डर घेऊन भल्या पहाटे कर्नाळ्याला गेले. पक्षी बोलायला लागणार एवढ्यात शाळेची सहल आली. पोरांनी जो कल्ला केला! अण्णा हिरमुसून परतले, पण टेप पुसली नाही. मी नाव दिलं, 'बाई, ह्याने माझा डबा खाल्ला.' पक्षी राहिले बाजूला, ही टेप मात्र कितीजणांनी नेली! बिस्किटवाले तर पुन्हा पुन्हा न्यायचे.

त्यांचा एक नियम होता. विकायचं काही नाही. "वहिनी, विकलं की संपलं. भाड्याने दिलं की पुन्हा येतं. आणि आपली वस्तू कुठे कुठे जाऊन आली ह्याची मजा वेगळीच." टेप परत आली की लावून ऐकायचे, पातेल्याला पोचा आला का बघावं तसं. आणि भाडं आलं की ज्याने वाजवलंय त्याचा वाटा त्याच दिवशी त्याच्या हातावर. हातात हात घेऊन द्यायचे, विडा दिल्यासारखा.

वाजवणाऱ्यांत मुख्य बबनमास्तर. बेलपाड्याचे. क्लॅरिनेट वाजवायचे. माणूस काळाकभिन्न, मिश्या जाड, आणि फुंकर मात्र अशी की लोणी. त्यांनी स्वतःच्या बहिणीच्या लग्नात पाठवणीला एक धून वाजवली होती, आपल्या मनाची. ती त्या गावांमध्ये एवढी पसरली की कुठलीही नवरी तिच्याशिवाय निघेना. अण्णांनी तीही टेपवर भरून घेतली, एकदा संथ, एकदा जलद. मी नाव ठेवलं, 'निघाली गं'. आणि तिनेच घोळ केला.

पातेल्यांना ठिपके लावणारे अण्णा, पण सुरांना ठिपका लावायचं त्यांना सुचलं नाही. 'निघाली गं' जलद, ती एका धुण्याच्या पावडरीच्या कंपनीने नेली. संथ, ती एका मालिकावाल्याने नेली. आणि एका रविवारी संध्याकाळी, सगळी आळी टीव्हीपुढे बसलेली असताना, मालिकेतली आजी गेली. तिच्या अंगावर पांढरी चादर घातली, मागे संथ 'निघाली गं'. बायका डोळे पुसताहेत. भाग संपला आणि लगोलग जाहिरात. तीच धून, जलद, आणि एक बाई हसत हसत तारेवर पांढरी चादर वाळत घालतेय!

आमच्या समोरच्या काकू डोळ्यांचा पदर तसाच ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, धुतली पण लगेच?"

सगळी आळी पोट धरून हसली. अण्णा हसले नाहीत. गोदामात जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, "एवढी वर्षं भांड्यांत चूक नाही केली मी, वहिनी. दिवसांचं पातेलं लग्नात वाढलं की हो मी."

त्याच आठवड्यात पावडर कंपनीचे साहेब गाडी घेऊन हजर. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण साहेब शांत होते. म्हणाले, "अण्णासाहेब, धून लोकांच्या तोंडात बसलीय. आम्हाला ती सोडायची नाही. पण आता भाड्याने नको, कायमची विकत द्या. पुन्हा दुसऱ्या कोणी वाजवायची नाही."

"कोणी म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"कोणीच. मालिका नाही, सिनेमा नाही, आणि ते बँडवालेही नाहीत."

त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहाची कपबशी खाली ठेवली. अण्णांचं स्वप्न होतं एक, खरा स्टुडिओ बांधायचा. गाद्यांशिवायच्या भिंती, बारा महिने चालणारा, जिथे बँडवाल्यांना सराई संपल्यावर घरी बसायला लागणार नाही. जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. त्या एका धुनेत तो बांधून झाला असता.

अण्णांनी बबनमास्तरांना बोलावलं. "मास्तर, धून तुमची. तुम्ही सांगाल तसं."

मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "इकून टाका अण्णा. तुमचा इस्टुडिओ व्हतोय ना? आमाला पन काम हाय त्यात. मना दुसरी येल सुचून."

"नक्की?"

"नक्की नाय तं काय! धून हाय ती, किडनी हाय का?"

असं म्हणून मोठ्याने हसले मास्तर. पण जाताना क्लॅरिनेट गोदामातच विसरून गेले, नि परत आले ती न्यायला. कधी विसरायचे नाहीत. अण्णांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. तरी अण्णांनी साहेबांना सांगितलं, पुढच्या सोमवारी कागदावर सही करू.

मधल्या शनिवारी बेलपाड्यालाच लग्न होतं. मंडप अण्णांचा, बँड मास्तरांचा, आणि मी नवरीच्या आईच्या ओळखीची म्हणून जेवायला. पाठवणीची वेळ झाली. मास्तरांनी नवी चाल धरली. वाईट नव्हती हो, चांगली होती. पण नवरीची आत्या, चांगली धिप्पाड बाई, कासोटा घातलेली, ती गाडीच्या दारात आडवी उभी राहिली.

"ए बबन्या, ही कंची रं? पोरीला सासरी नेतस का बाजाराला?"

"आत्या, नवीन हाय. गोड हाय, ऐक तं खरी."

"तुझ्या गोडाला घाल चुलीत! माझ्या पाठवनीला तीच वाजली, माझ्या लेकीच्या पाठवनीला तीच वाजली. आमची वाजव. नायतर पोरगी गारीत बसायची नाय."

"आत्या, ती आता इकली..."

"इकली? तुझ्या बापाची व्हती?" असं म्हणून आत्याने नवरीचा हात धरला आणि तिला सरळ परत मांडवात नेऊन बसवलं. नवरदेवाकडची मंडळी बघत राहिली. नवरा मुलगा गाडीत एकटाच, मुंडावळ्या सारतोय. मास्तरांना वाजवता येईना, आत्या हटेना.

तेव्हा अण्णा पुढे झाले. खांद्यावरचा पंचा झटकला आणि म्हणाले, "मास्तर, वाजवा. अजून सही केलेली नाही मी. आणि करणारही नाही."

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावली. काय वाजवलं त्यांनी त्या दिवशी! नवरी रडली, आत्या रडली, नवऱ्याची आई रडली, आणि मी तर नात्यातलीही नव्हते, तरी रडून रडून माझं नाक लाल. रडता रडता हसूही येत होतं, कारण आत्या रडत होती पण एक हात कमरेवर तसाच, पुन्हा काही वेगळं वाजलं तर म्हणून.

सोमवारी साहेब आले. अण्णा म्हणाले, "साहेब, मला वाटलं होतं वस्तू माझी आहे, नाहीतर मास्तरांची आहे. शनिवारी कळलं की आम्ही दोघं नुसते गोदामवाले. मालकीण बेलपाड्याला आहे, आणि तिच्याकडे विकत मागायला जायची माझी हिंमत नाही. तुम्ही जाऊन बघा."

साहेबांनी सगळी हकिकत ऐकली आणि खुर्चीत मागे रेलून हसले. अण्णा पुढे म्हणाले, "भाड्याने न्या. हवी तितकी वर्षं न्या. आणि एक शब्द देतो, यापुढे ही कुठल्या मयताच्या घरी जाणार नाही." लगेच उठून त्यांनी 'निघाली गं'च्या डब्या पुढच्या फळीवर मांडल्या, आणि सगळ्या रडक्या टेपांना बुडाशी काळा ठिपका लावायला घेतला. साहेबांनी भाड्याचाच करार केला, आणि जाताना हौसेने 'बाई, ह्याने माझा डबा खाल्ला'ही नेली.

स्टुडिओ काही झाला नाही. त्या हेरलेल्या जागेवर कोणीतरी इमारत बांधली. पण अण्णांनी तोंड पाडलेलं मी कधी पाहिलं नाही. उलट सराईत कुठे त्या धुनेवर नवरी निघाली असं कळलं, की मला हाक मारून सांगायचे, "वहिनी, आज उलव्याला निघाली. काल चिरनेरला निघाली." जशी काही घरचीच मुलगी.

मग कीबोर्ड आले. एकच मुलगा एका पेटीवर सनई, तबला, पाऊस, रेल्वे सगळं वाजवायला लागला आणि साहेबांच्या गाड्या पनवेलला यायच्या थांबल्या. गोदामाची जागा मालकाने मागितली. अण्णांच्या मुलाची नोकरी नाशिकला. तो म्हणाला, "पुरे आता, चला." मला वाटलं होतं अण्णा अडून बसतील. ते म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारी सामान पोचवलं. आता आपणच सामान."

निघायच्या दिवशी ट्रक भरला. गाद्या देऊन टाकल्या होत्या, टेपांच्या पेट्या तेवढ्या घेतल्या. अण्णा ड्रायव्हरशेजारी चढून बसले, मांडीवर पिशवी धरून. आणि गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. बबनमास्तर सगळा ताफा घेऊन, भर दुपारी, लाल कोट घालून उभे. धून कोणती ते मला सांगायला नको.

समोरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "अहो मास्तर, नवरी कुठाय?"

मास्तरांनी क्लॅरिनेट न काढता भुवईने ट्रककडे दाखवलं.

अण्णांनी पंचा तोंडावर घेतला. खांदे हलत होते. हसताहेत की काय ते मला खालून कळेना. मी ताटलीत दहीसाखर घेऊन वर हात केला, त्यांनी हातावर घेऊन खाल्ली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला."

ट्रक सुरूच होईना. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, खाली उतरून बॉनेट उघडलं. मास्तरांची धून संपली. त्यांनी परत पहिल्यापासून धरली. ती संपली, परत धरली. पोरं नाचायला लागली, काकू खाली आल्या, मी ताटली बाजूला ठेवली. अण्णांनी पंचा काढून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "मास्तर, जरा संथ घ्या, जलद घेतलीत तर दमाल! ट्रकचं काही खरं दिसत नाही!"

मास्तरांनी संथ घेतली. मग केव्हातरी इंजिन लागलं, ट्रक हलला, पण वाजवणारे थांबले नाहीत. ते ट्रकच्या मागे मागे वाजवत पार नाक्यापर्यंत गेले, आणि मीही गेले, अनवाणी.