ओढून नेता येणारं घर

लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतर पडलेल्या दुष्काळात मी नांदेडच्या ऑफिसात होतो. बोअरसाठी जागा दाखवायचं काम. नव्या जिल्ह्याकडं अजून पुरेशी माणसं नव्हती की यंत्रं, त्यामुळं अहमदपूरकडची गावं आमच्याच गळ्यात पडली. एका गावात चार दिवस, दुसऱ्यात आठ. जमिनीत सळया ठोकून, त्यांतून वीज सोडून खालच्या खडकाचा अंदाज घ्यायचा, खूण करायची आणि रिग येऊन बोअर पाडून जाईपर्यंत तिथंच थांबायचं.

थांबायचं कुठं, हाच प्रश्न असायचा. गावात शिरलो की बाज टाकली जायची, चहा यायचा, "साहेब, आमच्या माडीवर ऱ्हावा" म्हणणारेही भेटायचे. मग कुणीतरी सहज आडनाव विचारायचं. मी सांगायचो. त्यानंतर माडीवर ज्वारीची पोती निघायची, पाहुणे यायचे असायचे, नाहीतर खोलीची किल्ली घेऊन पुतण्या उदगीरला गेलेला असायचा. माझ्यापुढची कपबशी उचलायला मात्र कुणी पुढं यायचं नाही. मी शाळेच्या ओसरीवर पथारी टाकायचो.

लोह्याजवळच्या आमच्या गावात हे सगळं बघतच माझा बाप म्हातारा झाला होता. मी शिकलो, साहेब झालो. माझ्यापुरतं तरी ते संपलं, असं मी धरून चाललो होतो.

एकदा वीस दिवसांनी घरी गेलो तर चार वर्षांची माझी मुलगी आईला म्हणाली, "पाहुणे आले." बायकोला हसू आलं नाही. ती म्हणाली, "आता आम्ही दोघी तुमच्यासंगट येणार. कुठं ठेवायचं ते तुम्ही बघा."

मी वरच्या साहेबांकडं अर्ज केला. कारण म्हणून 'मुक्कामाची गैरसोय' एवढंच लिहिलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि काय समजायचं ते समजले. ऑफिसच्या आवारात जुन्या धरणकामावरून आलेल्या दोन वस्तू पडून होत्या. एक होती दोन चाकांची छोटी खोली, जीपमागं दांड्याला अडकवून ओढत न्यायची. दुसरी ट्रकच्या पाठीवर बसवलेली लाकडी केबिन. साहेब म्हणाले, "दोन्हीतलं एक घेऊन जा. सोमवारपर्यंत सांगा."

रविवारी आम्ही तिघं बघायला गेलो. माझ्या जीपचे ड्रायव्हर आधीच येऊन थांबले होते. वयानं वडिलांएवढे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचं मत पक्कं होतं. "ट्रक घ्या साहेब. मी चालवतो. वाटलं तवा किल्ली फिरवायची अन् निघायचं. कुणाला विचारायचं काम न्हाई."

मलाही तसंच वाटत होतं. पण बायको ट्रकची शिडी चढून वर गेली आणि लगेच उतरली. वर पत्रा तापला होता. शिडी इतकी उभी की लेकराला एकटं सोडायची सोय नव्हती. शिवाय ट्रक डिझेल आणायला गेला की घरही त्याच्याबरोबर जाणार. मग ती दोन चाकांच्या खोलीत शिरली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. आत दोन फळ्यांच्या बाका होत्या, स्टोव्हपुरता कोपरा होता, एक खिडकी होती. दार जमिनीपासून हातभर उंच.

"ट्रकात ऱ्हायचं म्हंजे रोज निघायच्या तयारीत ऱ्हायचं," ती म्हणाली. "मला टेकलेलं घर पायजे. तुम्ही जीप घेऊन कुठंबी जा, आम्ही हितं हाव असं."

मी खोली घेतली. तिच्या मनासाठी घेतली, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे जीपमागं स्वतःचं घर घेऊन गावात शिरायची मलाच हौस वाटली होती.

पहिली दोन गावं बरी गेली. तिसऱ्या गावात सरपंच स्वतः सामोरे आले. देवळाच्या बाजूला मोठा कडुलिंब होता, त्याच्या सावलीत त्यांनी खोली उभी करायला लावली, चाकांना दगडही त्यांच्याच माणसांनी लावले. मी होऊनच आडनाव सांगितलं. ते म्हणाले, "हाव, ठाऊक हाय आम्हाला. त्याचं काय एवढं? आधी पाणी लागू द्या."

मला तो माणूस मोठ्या मनाचा वाटला. 'आधी' या शब्दाकडं माझं लक्षच गेलं नाही.

आठ दिवस आम्ही त्या कडुलिंबाखाली राहिलो. बायका खोली बघायला यायच्या, खिडकीतून डोकवायच्या, बायकोनं "या, बसा" म्हटलं की "न्हाई, काम पडलंय" म्हणून जायच्या. मी सगळं शिवार तपासलं. चांगल्या जागा दोनच निघाल्या. एक देवळासमोर, कडुलिंबापासून तीसेक पावलांवर. दुसरी शाळेच्या मागं. नाल्यापलीकडं आमच्या लोकांची वस्ती होती. तिथं खाली नुसता घट्ट काळा खडक होता, पाण्याची आशा नव्हती.

रिग देवळासमोर लागली. दुपारपर्यंत पांढरी धूळ उडत राहिली, मग ती ओली झाली, चिखल आला आणि मग पाण्याचा लोट माणसापेक्षा उंच उसळला. लोक त्यात भिजले. नारळ फुटले. सरपंचांनी आणलेला हार माझ्या गळ्यात घातला नाही, हातात दिला. दिलाही वरून सोडून. तेव्हा मी तेही गर्दीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी जीप घेऊन मी आणि चाचा लातूरला अहवाल द्यायला गेलो. दुपारी चारच्या सुमाराला परत आलो तर कडुलिंबाखाली फक्त दगड होते.

खोली नाल्यापलीकडं, वस्तीच्या कडेला होती. दांडा जमिनीत रुतलेला, मागची बाजू वर उचललेली. बायको बाहेर दगडावर बसली होती. मुलगी वस्तीतल्या एका म्हातारीच्या मांडीवर झोपली होती.

बायकोनं सांगितलं ते असं. ती स्वयंपाक करत होती. सात-आठ जण बैलांच्या दोन जोड्या घेऊन आले. कुणी आवाज चढवला नाही. एक जण म्हणाला, "ताई, पाण्याची जागा हाय, पूजा घालायची हाय. खोली जरा सरकवतो." ती म्हणाली, "साहेब येऊ द्या." तो म्हणाला, "साहेबाला कशाला तरास? उतरायचंबी काम न्हाई, बसा आत." त्यांनी दांड्याला जाड दोर बांधला आणि बैल हाकले. दारात त्यांनीच आडवं लाकूड लावलं होतं, म्हणून तिला उतरताही आलं नाही. वरणाचं पातेलं मांडीवर धरून आणि पोरीला काखेत दाबून ती गावातून, सगळ्यांच्या दारांपुढून नाल्यापर्यंत ओढत नेली गेली. मांडी भाजली होती. म्हातारीनं त्यावर कोरफड लावली होती.

मी सरपंचांकडं गेलो. ते ओट्यावर होते. "साहेब, तुमच्याच माणसांत नेऊन सोडलं की," ते म्हणाले. "वाईट काय झालं? पाण्याचं तुमचं उपकार गाव इसरणार न्हाई."

"माझी बायको आत होती."

"म्हणूनच हळू नेलं."

नांदेडला गेल्यावर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पोलिसात गेलात तर कामं थांबतील. दुष्काळ आहे. पाणी लागलं ना?" मी पोलिसात गेलो नाही. खोली जमा केली आणि ट्रक मागून घेतला. बायको म्हणाली, "तुम्ही जा. मी आता क्वार्टर सोडून कुठं येणार न्हाई." खोली निवडल्याबद्दल मी तिला कधी शब्दानं बोललो नाही. पण मनात धरून बोलत नाही हे तिला कळत होतं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं, हे मला उशिरा कळलं.

पंधरा दिवसांनी त्या गावाला दुसरा बोअर मंजूर झाला. देवळासमोरच्या पंपाला वस्तीतल्या बायकांना हात लावू देत नव्हते, दुसरं कुणी भरून देईपर्यंत त्या लांब उभ्या राहायच्या. शाळेमागची जागा माझ्या वहीत होती. तिथं पाणी लागलं असतं, आणि शाळेची जागा सरकारी, तिथं वस्तीतल्या बायकांनाही कुणाला अडवता आलं नसतं. पण मला गावाला आणखी एक थेंब द्यायचा नव्हता. मी खूण नाल्यापलीकडं, वस्तीच्या मधोमध केली.

चाचांनी ट्रक तिथंच लावला. ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणला होता, हितं खडक हाय."

"बघू," मी म्हणालो.

रिग आली. बायका घागरी घेऊन सकाळपासून ओळीनं बसल्या होत्या. दोनशे फुटांपर्यंत कोरडी धूळ उडाली. ती त्यांच्या लुगड्यांवर, घागरींवर, माझ्या चष्म्यावर बसत राहिली. रिगवाल्यानं मशीन बंद केलं, तेव्हा माझ्या बायकोला कोरफड लावणारी ती म्हातारी उठून माझ्याजवळ आली.

"लेकरा, आमच्याच जमिनीत कसं रं न्हाई?"

मी म्हणालो, "नशीब, आजी."

ती "हाव" म्हणाली आणि रिकामी घागर उचलून घराकडं गेली. बाकीच्याही तिच्या मागं गेल्या. मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून अहवाल लिहिला. दुसऱ्या बोअरपुढं 'खडक अनुकूल नाही' अशी नोंद केली. तो अनुकूल नव्हता हे मला खूण करायच्या आधीच माहीत होतं. हे मी साहेबांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. चाचांना माहीत होतं.