गाण्याआधी माझं नाव

माझ्या पहिल्या गाण्याच्या शूटिंगला मी टेपरेकॉर्डर नेला आणि सेल विसरलो.

व्हिडिओवर गाणं काढायचं तर ते मोठ्यानं वाजावं लागतं. त्यावर हिरो-हिरोईन ओठ हलवतात. गाणं नाही वाजलं की दोघं नुसतीच एकमेकांकडं बघत उभी. तशीच ती उभी होती, गंगापूरकडच्या एका मळ्यात, कपाशीच्या कडेला. हिरो म्हणजे मळ्याच्या मालकाचा पुतण्या. हिरोईन शहरातल्या नाटकांत कामं करणारी एक बाई. आणि मी डायरेक्टर. डोक्यावर उलटी टोपी, गळ्यात रुमाल, डोळ्यांपुढं दोन हातांची चौकट. सेल सोडून सगळं आणलं होतं.

तीन वर्षं मी गुलमंडीतल्या एका व्हिडिओवाल्या शेठकडं लग्नं काढत होतो. हळद, अंतरपाट, पंगत, रडणारी नवरी. एक दिवस शेठ म्हणाला, "ये गाना तू बिठा. पट्टीपे तेरा नाम डालता मैं." गाण्याच्या सुरुवातीला पडद्यावर नावांची पट्टी येते. तिच्यावर 'दिग्दर्शन' आणि पुढं माझं नाव, आडनावासकट. त्या एका ओळीसाठी मी कपाशीत उभा होतो.

गंगापूरला जाऊन सेल आणेपर्यंत सकाळचं कोवळं ऊन गेलं असतं. मालकाचं घर मळ्यातच होतं. मी टेपची लांब वायर उचलली अन् सरळ आत घुसलो. ओसरी ओलांडली. मधल्या घरात देवघराशेजारी बोर्ड दिसला. प्लग लावला. बाहेर गाणं सुरू झालं. म्हटलं, काय डोकं चालवलं आपण!

कोपऱ्यात मालक चहा पीत बसले होते.

"कोणाचा रे तू?"

हुशार माणसानं इथं शेठचं नाव सांगितलं असतं. मी वस्तीचं सांगितलं आणि वर आडनाव. म्हणजे जातच सांगितली.

"भाईर हो," ते म्हणाले. आवाजही चढवला नाही. "वायर ऱ्हाऊ दे. तू भाईर हो."

मी बाहेर आलो. आतून बादलीचा आवाज आला. मी उभा होतो तेवढी फरशी धुतली. दारातून सगळं दिसत होतं. पाणी लागू नये म्हणून एका बाईनं वायर काठीनं उचलून धरली होती. ती करंटला भीत होती की मला, ते अजून कळलेलं नाही. प्लग मात्र कोणी काढला नाही. तो मी लावलेला. पुतण्याचं गाणं त्याच्यावर चाललं होतं.

मग मी काय केलं? कॅमेरा आपटला? छे. मी ओरडलो, "स्टार्ट!" आणि तिन्ही कडवी काढली.

दुपारची जेवणं ओसरीवर झाली. माझं ताट विहिरीवर आलं. तीन वर्षं माझ्या डब्यातली भाकर खाणारा आमचा लाइटवाला ओसरीवर बसला, माझ्याकडं पाठ करून. मी कपाशीकडं तोंड करून जेवलो. एवढं मोठं शेत, अन् बोलायला कोणी नाही. पिठलं चांगलं झालं होतं. हे सांगायचीही लाज वाटते.

आठ दिवसांनी दुकानात पट्टी टाकायला बसलो. गुलमंडीतली शटरं खाली आली होती. बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा. आमची अख्खी वस्ती त्यात होती. वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी माझी बहीण खाडा करून गेली होती. मी नव्हतो. मला माझं नाव टाइप करायचं होतं.

शेठ मागं येऊन उभा राहिला. "सुन, मालक का निरोप आया. तेरा आडनाव नको बोलते. आजकल माहोल भी गरम है. निकाल दे."

मी पडद्यावरचं आडनाव परत एकदा वाचलं.

"नहीं तो दुसरा डाल. कोई अच्छासा देखके. तेरेकू क्या फरक पडता?"

बाहेर लोक एका नावासाठी घसा फोडत होते. किती वर्षं झाली होती. त्या नावापायी घरं जळाली, माणसं गेली. आणि मी बंद शटरच्या आत, एक बोट बटणावर. खोटं कशाला बोलू, मी पुसायला लागलो. शेवटची दोन अक्षरं पुसलीसुद्धा. मग बोट थांबलं.

फरशी धुतली तेव्हा मला राग आला नव्हता. लाज वाटली होती, जणू माझ्याच पायाला काही लागलं होतं. राग आला तो या दोन अक्षरांनी. तिथं बादली त्यांच्या हातात होती. इथं ती माझ्या हातात होती.

दोन्ही अक्षरं परत घातली. म्हणालो, "शेठ, आडनाव राहील. नाहीतर हे गाणं मी काढलेलंच नाही."

"तो नहीं निकाला," शेठ म्हणाला. हात लांब करून त्यानं सगळी ओळ पुसली.

मी शटर वर करून बाहेर पडलो. मोर्चा पुढं गेला होता. रस्त्यावर तुटक्या चपला तेवढ्या पडल्या होत्या. पळत जाऊन गाठला, तर वस्तीतला एक जण म्हणाला, "सुटली का शूटिंग, सायेब?" आणि पुढं चालायला लागला.

नंतर वाळूजला शिफ्टा केल्या. एक जुना कॅमेरा घेतला. वस्तीतल्याच एका गायकाचं गाणं काढलं. गुलमंडीतल्या एकाही दुकानदारानं कॅसेट ठेवली नाही. हातात घ्यायचे, वरचं नाव वाचायचे, परत द्यायचे. लाइटवाल्याला बघायला बोलावलं. आला नाही.

न येऊ दे. कॅसेट खपो, न खपो. माझ्या प्रत्येक गाण्यात आधी माझं नाव येणार. पूर्ण. त्यातलं एक अक्षरही आता कोणाच्या सोयीसाठी पुसलं जाणार नाही, माझ्या हातानं तर नाहीच.

वस्तीतल्या त्या गायकाच्या गाण्यात मात्र मी जरा अतीच केलं. व्हीसीआर भाड्यानं आणून वस्तीत दाखवलं, तर पडद्यावर आलेलं नाव हलेचना. सुरुवातीचं सगळं संगीत त्याच्यामागंच वाजून गेलं. शेजारची आत्या अगदी पुढं बसली होती. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग मान वळवून म्हणाली,

"आरं, मला वाचता येत नाय तरी पाठ झालं तुझं नाव. आता सरक की बाजूला, गाणं दिसू दे."