काटे काढून दिलेला बांगडा

मी पाच मिनिटांत जेवते. लिफ्ट यायला वेळ लागला की बटण चारचारदा दाबते. समोरचा बोलताना अडखळला तर त्याचं वाक्य मीच पुरं करते. आई म्हणते, ही सदा घोड्यावर स्वार. अशा बाईच्या वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांचा उजवा हात कधी हलतो याची वाट बघत बसणं माझ्या नशिबी आलं.

बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मूळचे मालवणकडचे, माशाशिवाय रविवार न मानणारे. दोन महिने पेज आणि मऊ भात खाल्ल्यावर डॉक्टरांनी त्यांचं गिळणं तपासलं आणि आता सगळं चालेल म्हणाले. त्याच संध्याकाळी मी लालबागच्या बाजारातून बांगडे आणले. आईनं तिरफळं घालून तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण केलं. मी एकेक काटा वेचून मासा भातात कालवला आणि घास त्यांच्या तोंडापाशी नेला. मनात म्हटलं, काय लेक आहे मी!

बाबांनी तोंड मिटून घेतलं. डाव्या हातानं ताट सारलं आणि जड जिभेनं म्हणाले, "माका काय अजून दात येवक नाय?"

आमच्याकडे काटे काढून मासा भरवतात तो पोरांना. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाईत अक्कल गहाण पडते. त्यानंतर त्यांनी मासा सोडला. मग बोटांचा व्यायामही सोडला. मुठीत दाबायला दिलेला चेंडू मांडीवर पडून राहायचा आणि शेजारी त्यांचा हात.

व्यायाम करून घ्यायला माटुंग्याहून एक बाई यायच्या. त्या मला जिन्यापाशी घेऊन गेल्या. बाबांच्या शर्टाची बटणं मी लावते, कप मी धरते, मग त्यांच्या हातानं करायचं काय, असं त्यांनी विचारलं. आत्ता हा हात जागा झाला नाही तर पुढे कठीण आहे, हेही स्पष्ट सांगितलं. "रविवारी त्यांच्या ताटात अख्खा मासा वाढा," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतःचे हात मांडीखाली घालून बसा."

मी खरोखरच तशी बसले. आईनं बांगडा वाढला, पाठ फिरवली आणि पोळ्या लाटू लागली. बाबा बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग त्यांचा उजवा हात माशापर्यंत गेला, घसरला, पुन्हा गेला. एक तुकडा सुटला तो लुंगीवर पडला. माझ्या हातांना मुंग्या आल्या. ऑफिसचा फोन दोनदा वाजून थांबला. मन शांत ठेवायचं म्हणून श्वास मोजायला घेतला, तर तोही भराभरा मोजला. खरं सांगायचं तर मला बाबांचा राग येत होता, आणि रागाच्या खाली नुसती भीती होती. घशात काटा अडकला तर?

दुसऱ्या घासाला ते चावता चावता थांबले. मी अर्धी उठलेच. आईनं मागे न बघताच, बस, म्हणून बजावलं. बाबांचा गाल हलला, जीभ आत काहीतरी शोधत फिरली आणि ओठांच्या कडेला बारीकसा काटा आला. तो त्यांनी धरला. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरला, आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग पुढचा घास.

मला रडू आवरेना. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी माझ्या ताटाकडे मान हलवली.

"जेव गो. थंड झाला सगळा."

माझा बांगडा तसाच पडला होता. मांडीखालून हात काढले आणि काटे काढायला घेतले, तर बोटं इतकी थरथरत होती की काटा काही धरता येईना. बाबा जेवायचे थांबले. हात पुढे न करता, माझा काटा निघेपर्यंत बघत बसले.