उलटी मोजलेली तीन घरं

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि सत्तावीस वर्षं गिटार वाजवतो. रॉकची गाणी, आणि तीही अशी दणदणीत की खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला यायचे आणि दारातच पायाने ठेका धरून उभे राहायचे. शिकला मात्र कुणाकडेच नाही. गाणं दोनदा ऐकायचं, डोळे मिटायचे, की बोटं आपोआप जागेवर. शाळेत गटांगळ्या खाणाऱ्या या माणसाला कान मात्र असा मिळाला होता की मला, सख्ख्या मोठ्या बहिणीला, हेवा वाटायचा. होता म्हणते, कारण पुढे त्याने त्या कानाची माती केली.

झालं असं की दुकानात एक निवृत्त संगीतमास्तर चष्मा करायला आले. बोलता बोलता गिटारचा विषय निघाला. मास्तरांनी विचारलं, "तुमचं ते गाणं कोणत्या स्केलमध्ये?" हा म्हणाला, "पहिलं बोट इथे, तिसरं तिथे." मास्तर हसले. नुसते हसले हो, बाकी काही नाही. पण आमच्या साहेबांना ते एवढं झोंबलं की संध्याकाळी थिअरीचं जाडजूड पुस्तक बगलेत मारूनच घरी आले.

तेव्हापासून घरात पंडित अवतरले. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर बारा सुरांचं मोठं चक्र चिकटवलं, घड्याळासारखं गोल. भावजयीने मिक्सर लावला की हा म्हणायचा, "मिक्सर बी सुरात वाजतोय, पंखा त्याच्याशी बेसूर आहे." ती म्हणायची, "मग उद्यापासून वाटण तू कर, सुरात." पण नाकाने कांदे सोलणाऱ्याला टोमणा लागतो कुठे? गाणं वाजवायला बसला की दोन ओळींवर थांबायचा आणि पुढच्या कॉर्डचं नाव पुटपुटायचा. सहा महिन्यांत एक गाणं सलग ऐकलं असेल तर शपथ. मी वरच्या मजल्यावर शिवणकाम करते, मला सगळं ऐकू येतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मधे माझी भाची, म्हणजे त्याची मुलगी, आली. आठ वर्षांची असल्यापासून ती बापाच्या गिटारवर गाते. आता कॉलेजात आहे, आणि या वयाच्या पोरी बापाला चौकातसुद्धा ओळख देत नाहीत. हिने मात्र कॉलेजच्या कार्यक्रमात दोघांचं नाव दिलं. मैत्रिणींना सांगत सुटली, माझा बाबा वाजवणार म्हणून.

गाणं मूळ पुरुषाच्या आवाजातलं. तिला ते वरून लागतं. त्यावर घरातला उपाय अकरा वर्षं ठरलेला: गिटारच्या गळ्यावर तिसऱ्या पट्टीला कॅपो लावायचा. छोटासा चिमटा तो, सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर चढवतो. पण पंडितांना आता त्याची लाज वाटायला लागली. "कॅपो म्हणजे लंगड्याची काठी," म्हणे. यांनी चक्रावर घरं मोजून सगळे कॉर्ड नव्याने कागदावर मांडले. तीन घरं मोजायची होती, ती मोजली उलट्या बाजूने. सूर वर जायचा तो खाली घसरला.

पहिल्याच तालमीत भाची म्हणाली, "बाबा, हे फार खाली जातंय."

"कागदावर बरोबर आहे," हा म्हणाला. "तुझा कान चुकतोय."

ज्या पोरीला कान याच्याकडूनच मिळाला, तिला हा असं म्हणाला. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून गायला लागली. मी जिन्यात उभी होते, मला संताप आला. कपडा अंगाला होईना तर आम्ही टेप नाही हो बघत, माणसाकडे बघतो.

कार्यक्रमात व्हायचं तेच झालं. पहिल्या ओळीत तिचा आवाज विहिरीत गेला, मागच्या रांगा आपसांत बोलायला लागल्या. तिने शांतपणे तारांवर हात ठेवला, खिशातून कॅपो काढला, तिसऱ्या पट्टीला लावला आणि म्हणाली, "नेहमीसारखं वाजव."

याने बोटं उचलली आणि तशीच धरून ठेवली. ओठ हलत होते. नावं शोधत होता. सत्तावीस वर्षांची बोटं, आणि आता त्यांना पत्ता विचारावा लागत होता.

ती थोडा वेळ थांबली. मग एकटीच गायली, गिटारशिवाय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सभागृह चिडीचूप झालं आणि मग टाळ्या थांबेनात. हा बाजूला गिटार धरून उभा, फोटोत यायला थांबल्यासारखा.

घरी आल्यावर मला म्हणाला, "ताई, पूर्ण गाणं जी स्केलमध्ये होती ती. केसभर हलली नाही."

"तुला कसं कळलं? कागद तर नव्हता."

 "कानाने," तो म्हणाला.

"हे तिला जाऊन सांग. कान तिचा बरोबर होता, हेही सांग."

गेला. मी जिन्यातून ऐकत होते. दारात उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "तू जी मध्ये गायलीस."

"असेल," ती म्हणाली. "मला नावं नाही येत, बाबा."

पुढच्या महिन्यात दुसरा कार्यक्रम आहे. तिने नाव दिलंय, एकटीचं.