खोकला नसलेला आठवडा

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे 'हुज्जत' म्हणतात. शर्टांच्या कारखान्यात ती तपासनीस आहे. शर्ट उलटा करून प्रत्येक शिवण बोटाखालून घालते आणि पसंत पडली नाही तर गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवते. सुपरवायझर म्हणतो, "चालतंय की." ती म्हणते, "मग तुम्हीच घाला."

माझी लेक पाच वर्षांची. जन्मापासून छातीत घरघर, खोकला, नाक वाहतं, कान फुटतो. सासूबाईंच्या मते पोरीची प्रकृतीच कफाची. औषधं बदलून झाली, दम्याचा पंपही झाला, उपयोग शून्य.

एके दिवशी दवाखान्यात हुज्जत सोबत आली. डॉक्टर म्हणाले, "या वयात मुलांना वारंवार सर्दी होतेच."

"वारंवार व्हायला ती आधी जावी लागते ना? वहिनी, खोकला नसलेला एक आठवडा सांग बरं."

असा एकही आठवडा नव्हता. उन्हाळ्यातलाही नाही.

"बाहेर पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाले.

"थांबू देत. अर्धी रजा टाकून आलेय, वसूल करूनच जाणार."

डॉक्टर हसले, पण पेन खाली ठेवलं. "खोकला ओला? रोज?"

"रोज," मी म्हटलं.

"जन्मल्यावर श्वासाचा त्रास?"

"दिवस पूर्ण भरले होते, तरी ऑक्सिजनवर ठेवलं होतं."

"हे सगळं एकत्र असेल तर एक आनुवंशिक आजार तपासायलाच हवा," म्हणत त्यांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

तपासणीत तोच निघाला. श्वासनळीतले कफ ढकलणारे सूक्ष्म केस नीट हलत नाहीत. आजार जात नाही; पण रोज छातीचे व्यायाम करवून कफ काढला तर फुप्फुसं जपता येतात.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. बाहेर बोलू नका, पोरीचं लग्न व्हायचंय."

"हे आईबाप दोघांकडून आलंय, आई. म्हणजे निम्मं आपलंच," हुज्जत म्हणाली. "आणि लग्नाआधी तिला श्वास तर घेऊ दे."

दुसऱ्या दिवशी तिनं जिन्यातच शेजारणीला सगळं सांगितलं, सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात. मी दार लावलं नाही. आज लेकीच्या शाळेत जाऊन बाईंना मीच बजावलं: ती खोकली तर गप्प करू नका, वर्गाबाहेर बसवू नका. खोकू द्या तिला. तो कफ बाहेर यायलाच हवा.