गावाची वीज आणि एक फिकी रेषा

सकाळी माझ्या गाइड मॅडमचा फोन आला. "दुपारी शोधनिबंध छापायला पाठवतेय. पाऱ्याच्या दिव्यांचं बघितलंयस ना?" मी "हो" म्हटलं. माझ्या मते बघितलंच होतं. दातिवऱ्याला, आईच्या घरी मी त्या निबंधासाठीच येऊन बसले होते.

निबंध एका फिक्या रेषेवर उभा होता. तेजोमेघाच्या प्रकाशाच्या वर्णपटात ऑक्सिजनच्या दोन ठळक रेषा असतात आणि एक अगदी फिकी. फिकी जितकी जोरकस, तितका वायू तापलेला, आणि तितका ऑक्सिजन हिशेबात कमी भरतो. माझ्या ढगात, म्हणजे मी अभ्यासलेल्या तेजोमेघात, तो फारच कमी भरला होता. असा ढग विरळा, आणि माझी पुढची फेलोशिप त्याच्यावरच ठरणार होती. रस्त्यावरच्या पाऱ्याच्या दिव्यांची एक रेषा मात्र या फिक्या रेषेला अगदी खेटून असते. म्हणून शेजारच्या मोकळ्या आकाशाचं चित्र घेऊन दुर्बिणीखालच्या गावाच्या दिव्यांचा उजेड मी वजा केला होता.

एवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला. लाइट गेली.

मला एकदम दुर्बिणीवरची ती रात्र आठवली. ते मोकळ्या आकाशाचं चित्र घेताना दुर्बिणीखालच्या गावातलीही वीज गेली होती. काय काळोख मिळाला म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या होत्या! ढगाचं चित्र मात्र दिवे चालू असताना घेतलेलं. म्हणजे मी दिवे नसलेलं आकाश वजा केलं होतं. दिवे माझ्या ढगातच राहिले होते.

लॅपटॉपची बॅटरी संपत आली होती. पाऱ्याची हिरवी रेषाही असते, ती ढगात दिसायचं काही कारण नाही. शोधली, तर ही ठसठशीत! तिच्या मापाने पाऱ्याचा वाटा काढून टाकला, तशी माझी फिकी रेषा दिसेनाशी झाली. तापमान काढता येत नाही, म्हणून ऑक्सिजनचं प्रमाणही नाही. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग.

मॅडमना फोन लावला. "पाठवू नका," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. फेलोशिपवाल्यांना मी कळवते."

अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटायचे सोडून आई दारात आली. बोईसरच्या बाजारात तिने सगळ्यांना सांगितलं होतं, पोरीला वेगळा ढग गावला म्हणून.

"काय झालं गो?"

"ढग वेगळा हाय का, ते आता सांगता येत नाय."

"आनि ही लोकं इचारतील, त्यांना मी काय सांगू?"

मी लॅपटॉप मिटला. ती तशीच उभी राहिली, उत्तराची वाट बघत.