खुर्चीवर बसायची शिक्षा

मी या बाईवर जळायचे. परवा त्या गेल्या, तरी अजून जळतेच आहे.

शिवकांता बाई. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गशिक्षिका. परवा लातूरजवळच्या मुरुडला त्यांच्या घरी लिंगैक्य झाल्या. हार्टचा त्रास होता म्हणे, कुणाला बोलल्या नाहीत.

इथल्यांना त्या सांगायला नकोत. माझ्या नांदेडच्या मैत्रिणींसाठी लिहिते आहे.

किनवटहून बदली होऊन मी या शाळेत आले तेव्हा मला तिसरी मिळाली. मधे एक भिंत आणि भिंतीपलीकडे त्या.

रोज सकाळी गेटवर हात जोडून म्हणायच्या, "शरणु शरणार्थी, मॅडम." मी म्हणायचे, "गुड मॉर्निंग." मुद्दाम.

माझ्याकडे सगळं होतं हो. रंगीत कार्डशीटवर वर्गाचे नियम, चांगल्या वागणुकीला स्टार, ट्रेनिंगमधून शिकून आलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या टाळ्या. आणि शेवटी घसा ताणून आपलं तेच, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

पलीकडून ओरडल्याचा आवाज कधी आला नाही. पोरं बोलायची, हसायची, पण बाई नुसत्या फळ्याकडे वळल्या की गप्प.

माझ्या पोटात दुखायचं.

केंद्रप्रमुख यायचे, माझे तक्ते बघून "छान" म्हणायचे आणि मग दुसरीच्या वर्गात जाऊन बसायचे. चहासुद्धा तिकडेच मागवायचे.

त्या बाईंची शिक्षा काय होती माहितीय?

खुर्ची.

कुणी मारामारी केली, कुणी कुणाची वेणी ओढली, की बाई म्हणायच्या, "ये बाळा, माझ्या जागी बस." आणि स्वतः खाली, बसकरपट्टीवर, त्या लेकराच्या जागी मांडी घालून बसायच्या. त्याचंच पुस्तक उघडून. पुढे एक शब्द नाही.

खुर्चीवरचं लेकरू लगेच रडवेलं व्हायचं. "बाई, उठा ना. न्हाई करणार आता."

मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, नाटकं आहेत सगळी.

मग माझी स्वतःची मुलगी, ओवी, दुसरीत गेली. झालं! घरात माझं एक ऐकत नाही. दप्तर इकडं, चप्पल तिकडं. पण "आमच्या बाई म्हणतात" म्हणून शेपूची भाजीसुद्धा निमूट खायला लागली. निवडली मी, केली मी, कौतुक बाईंचं.

एकदा सहज त्यांच्या वर्गात डोकावले, तर माझी ओवी खुर्चीवर बसून हुंदके देत होती आणि बाई खाली. शेजारच्या गौसियाला चावली होती म्हणे.

माझं डोकंच सणकलं. मधल्या सुट्टीत गाठलं त्यांना.

"बाई, सगळ्या वर्गासमोर माझ्या पोरीला रडवलंत."

त्या डबा उघडत म्हणाल्या, "मॅडम, तिच्या जागी बसून बघा बरं एकदा. तिथून फळा दिसतच न्हाई. खिडकीचं ऊन चमकतंय. लेकरू गौसियाच्या वहीत बघायलंय, ती झाकायलीय. मग चावलं. मला तरी कुठं ठाऊक होतं? खाली बसले म्हणून कळलं."

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीला पडदा लागला. बाईंच्या जुन्या साडीचा.

तिची आई मी. शिकवायचा पगार मीही घेते. आणि माझ्या पोरीला फळा दिसत नाही हे कळलं कुणाला? त्या दिवशी मला डबा गेला नाही.

मग मीही ठरवलं, आपणही हेच करायचं. माझ्या वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर पोराला खुर्चीवर बसवलं आणि खाली त्याच्या जागी जाऊन बसले. मग त्यानं टेबलावरची पट्टी उचलली, दाणकन आपटली आणि ओरडलं,

"हाताची घडी, तोंडावर बोट! बाजार भरलाय का इथं?"

डिट्टो माझा आवाज.

तिसरी तर हसलीच, भिंतीपलीकडून दुसरीही हसली. बाई दारात आल्या, तोंडाला पदर लावून. "लई हुबेहूब करायलंय की ओ मॅडम तुमचं पोरगं!"

मीही हसले. वरवर.

आज शाळा भरली. मुख्याध्यापक म्हणाले, दुसरी सध्या तुमच्याकडे घ्या.

गेले. वर्ग चिडीचूप. एकदाही ओरडावं लागलं नाही. अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा मला असा आयता शांत वर्ग मिळाला आणि मला तो नको होता.

त्या खुर्चीत बसवेना, म्हणून उभीच राहिले.

तेवढ्यात ओवी उठली. कुणाला न विचारता पुढे आली आणि खुर्चीवर चढून बसली.

"ओवी, उतर खाली. काय केलंस तू?"

"काहीच न्हाई."

"मग तिथं का बसलीस?"

"मी इथं बसले की बाई माझ्या जागी येतात."

सगळा वर्ग ओवीच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. गौसियानं स्वतःचं दप्तर ओढून घेतलं आणि जरा सरकून बसली. बाईंना मांडी घालायला जागा लागते ना.

मला वाटलं, आपण जाऊन बसावं तिथं. आई आहे मी तिची. पुढेही झाले.

नाही बसले. ती माझी वाट बघत नव्हती.

शिवकांता बाई, माझ्या लेकीनं आज तुमच्यासाठी जागा धरली होती. माझ्यासाठी तिनं कधी धरली नाही. याचा राग आहेच, तो काही एवढ्यात जाणार नाही.

पण गेटवरचं तुमचं एक उत्तर माझ्याकडे राहून गेलंय.

शरणु शरणार्थी, बाई.